चौकातली बिऱ्हाडं

मंगळवारी धंतोलीतल्या एका दवाखान्यात तीन क्विंटल वजनाचं मूल जन्माला आलं. मुलगी. तब्येत उत्तम.

*

नागपूर-यवतमाळ गाडीच्या कंडक्टरच्या सीटखाली एक खोका होता. वर लिहिलं होतं, 'वाकवू नये, उन्हात ठेवू नये, यावर बसू नये.' तिसरी सूचना नंतर, वेगळ्या पेननं.

*

मनोहररावांनी सीताबर्डीवरून पितळी कुलूप आणलं. सात लिव्हरचं.

*

शेजारणीनं वाटीतून काही पाठवलं, तर वाटी रिकामी परत करायची नसते. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची.

*

अमरावतीहून पोस्टकार्ड: 'तुमच्याकडून नवीन फ्लॉपी आली की आमचं जुनं बंद पडते. एक तारखेपासून आमचा चौक वेगळा. कळावे, लोभ आहे तो असाच असावा.'

*

घेते: एक कागद, एक डॉक्टर
देते: कुलूप

"पंचफुला, हे वाच," धंतोलीच्या दवाखान्याच्या डॉक्टर शामला म्हणाल्या.

कॉलेजच्या कॉम्प्युटर खोलीत बुधवारी सकाळी कूलर घरघरत होता आणि त्याच्यासमोरची जागा मनोहररावांची असल्यामुळे बाकी सगळे घामाघूम होते.

"बाळाचं वजन तीन क्विंटल," पंचफुलानं मोठ्यानं वाचलं. कागद खाली ठेवून तिनं गंभीरपणे विचारलं, "आई बरी आहे न जी?"

पिंपळखुटे मॅडमनी तोंडावर पदर धरला. त्या या विभागात शिकवायच्या, आणि शिकवणाऱ्यानं हसू नये असं त्यांचं मत होतं.

"हसा तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "ही कार्बन कॉपी आहे. मूळ कागद बाप घेऊन गेला. कामठीचा विणकर आहे. म्हणतो, आमच्या सात पिढ्यांत असं कोणी झालं नाही, मी फ्रेम करून लावतो. द्यायलाच तयार नाही!"

"यात हसण्यासारखं काय आहे?" मनोहरराव कूलरसमोरून म्हणाले. ते विभागाचे प्रमुख. "आज बाळाचं वजन चुकलं. उद्या औषधाचं चुकलं तर?"

यावर मात्र कोणी हसलं नाही.

काय झालं होतं ते पंचफुलाला कागद हातात घेतल्याबरोबर कळलं होतं. सोमवारी यवतमाळच्या गणपतरावांची फ्लॉपी आली होती. गणपतराव कापसाचे ग्रेडर. त्यांच्या जिनिंग कारखान्याच्या मालकाच्या मुलानं हौसेनं एक कॉम्प्युटर आणला आणि हौस फिटल्यावर तो गणपतरावांच्या टेबलावर ठेवून दिला. त्यांनी त्यावर कापूस मोजायचे शब्द, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञा, तयार केले. त्यातला एक शब्द 'वजन'. डॉक्टर शामलांच्या शब्दांतही एक 'वजन' होता. पंचफुलानं दोघांचे शब्द एकाच फ्लॉपीत एकामागे एक भरले. जो शेवटी येईल तो आधीच्याला पुसून टाकतो. गणपतराव शेवटी आले.

या सगळ्या शब्दांच्या ठिकाणाला 'चौक' म्हणत. त्यामागे एक भाषा होती, कॉम्प्युटरशी बोलायची. मॅडमनी एका परदेशी विद्यापीठाला पत्र लिहिलं, तर त्यांनी तिची सगळी आतली मांडणी छापून टपालानं पाठवली. एकशे चाळीस पानं. पहिल्या पानावर होतं: वापरा, बदला, वाटा; बदललंत तर बदललेलंही वाटा. एवढं फुकट कोण देतं म्हणून मनोहरराव आठवडाभर पाकिटावरचा शिक्का तपासत होते.

ती पानं यंत्रात टाइप करायचं काम पंचफुलाकडे आलं. पंचफुला भोयर, सावनेरची, पंच ऑपरेटर, तात्पुरती. पंच ऑपरेटरनं समोरचं वाचायचं नसतं, बोटांनी उतरवायचं असतं. पंचफुलानं वाचलं. सहा आठवडे लागले. सत्तेचाळिसाव्या पानावर तिला एक चूक सापडली आणि ती तिनं दुरुस्त केली. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "बस इथं." त्या दिवसापासून चौकाची फ्लॉपी पंचफुलाकडे. वर्ध्याहून, अमरावतीहून, यवतमाळहून लोक आपापले शब्द पाठवत, ती ते चौकात घाली आणि सगळ्यांना परत पाठवी. टपालात फ्लॉप्या वाकत. म्हणून एसटीतून, कंडक्टर तिचा नवराच होता.

मनोहररावांनी कुलूप टेबलावर ठेवलं.

"शनिवारी सगळ्यांची मीटिंग बोलावली आहे. चौकाची फ्लॉपी कपाटात जाईल. कोणाला शब्द घालायचा असेल त्यानं अर्ज करायचा. मी तपासीन, मग सही."

"आणि मी?" पंचफुलानं विचारलं.

"तुझं पंचिंग आहेच की. परीक्षेचे निकाल पडले आहेत ढीगभर."

पंचफुलानं त्या कुलपाकडे पाहिलं. चौक उघडा होता म्हणून ती आत शिरली होती. अर्ज मागितला असता तर त्यावर शिक्षणाचा रकाना असता.

"शनिवारपर्यंत काही केलं तर?" ती म्हणाली.

"काय करशील?"

"ते मले आत्ता नाही माहीत, सर."

"कर. पण शनिवारी सगळ्यांसमोर सगळे शब्द एकत्र चालले पाहिजेत. नाहीतर हे." त्यांनी कुलूप बोटानं वाजवलं.

*

घेते: नळ
देते: एक कल्पना

हनुमाननगरात पंचफुला राहायची त्या घरात चार बिऱ्हाडं होती आणि अंगणात एक नळ. संध्याकाळी पाच वाजता पाणी यायचं. बुधवारी ते साडेपाचला आलं, आणि ते पहिल्यांदा पाहिलं शेजारच्या तुळसाबाईंनी.

"अजी!" त्या ओरडल्या. "पानी आलं, बकेट आना!"

चारही दारांतून चार नवरे बादल्या घेऊन बाहेर आले.

"तुम्ही सारेच्या सारे काहून आले गा?" तुळसाबाई म्हणाल्या. "मी यायले बलावलं."

"नाव घ्या मंग," पंचफुलाचा नवरा वसंत म्हणाला. अजून खाकी अंगावरच होती. "आमाले काय समजते कोनाच्या अजीले बलावून राहिल्या."

"नाव घेऊ? जीभ झडन माही!"

"मंग घरात जाऊन हाक मारा. घरात एकच हाये."

सगळे हसले. पंचफुला हसली नाही. ती उंबऱ्यावर उभी होती, हातात पिठाची परात.

"काय झालं वं?" वसंतनं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "आज पोळ्या तुम्ही करा."

"मी?"

"नाहीतर तुळसाबाईच्या अजीले सांगा."

*

घेते: गुरुवार, शुक्रवार
देते: एक परिपत्रक, दहा कार्बन कॉप्या

'चौकातील सर्वांस. आपापल्या शब्दांचं एक बिऱ्हाड करावं. बिऱ्हाडाला नाव द्यावं. दारावर पाटी लावावी. पाटीवर तीन ओळी: घर कोणाचं, आम्ही दुसऱ्यांना कोणते शब्द देतो, आम्ही दुसऱ्यांकडून कोणते घेतो. पाटीवर जे नाही ते घरातल्या घरात राहील, बाहेर दिसणार नाही. तुमच्या घरात वजन असो, बेरीज असो, काहीही असो, शेजाऱ्याला त्रास होणार नाही. शनिवारी फ्लॉपी घेऊन यावं. पं. भोयर.'

खाली मॅडमनी पेननं लिहिलं: 'जेवण नाही. चहा आहे.'

गुरुवारच्या गाडीनं वसंतनं त्या कॉप्या नेल्या. अमरावतीच्या गाडीवरच्या कंडक्टरला त्यानं बजावलं, "सरकारी काम हाये." ते सरकारी नव्हतं.

*

घेते: सगळे
देते: (पुढे पाहू)

शनिवार, १२ एप्रिल १९८६. खोलीत नऊ फ्लॉप्या आणि सतरा माणसं. गणपतराव यवतमाळहून पहाटेच्या गाडीनं आले होते, डोक्यावर टोपी, हातात पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू. अमरावतीचे दोघं भांडायच्या तयारीनं आले होते, पण लाडू तोंडात असल्यामुळे ते लांबलं.

"एक शंका," मनोहरराव म्हणाले. कुलूप त्यांच्यासमोर होतं, किल्ली कुलपात. "दोन 'वजन' दोन घरांत. यंत्र एकच. त्याला कसं कळणार कोणतं कोणाचं?"

पंचफुला उभी राहिली. इतक्या लोकांसमोर ती कधी बोलली नव्हती.

"सर, राग नका मानू. घरी वहिनी तुम्हाले काय म्हणतात?"

"म्हणजे?"

"हाक मारायची असली तर?"

मनोहररावांनी खिडकीकडे पाहिलं. "अहो म्हणतात."

"गणपतराव, तुमच्या घरी?"

"आमच्याकडं अजी चालते."

"माह्याही घरी अजीच. इथं सतरा जणांत दहाएक अहो-अजी असतील. आजवर कोणाच्या घरात चुकीचा माणूस जेवून गेला का?"

खोली हसली. अमरावतीच्या एकाला ठसका लागला. मनोहररावांचे कान लाल झाले, पण तेही हसले, आणि पहिल्यांदाच कूलरसमोरून बाजूला सरकले.

"दाखव," ते म्हणाले.

पंचफुलानं एकेक फ्लॉपी यंत्रात उतरवून घेतली. मग चौक सुरू करायची आज्ञा दिली.

काहीच झालं नाही.

यंत्राचा लाल दिवा पेटलेला राहिला. आत खरखर सुरू होती, म्हणजे यंत्र काहीतरी शोधत होतं. एक मिनिट. दोन मिनिटं. कोणीतरी खोकलं. मनोहररावांनी किल्लीला हात लावला.

पंचफुलानं यंत्र बंद केलं, परत सुरू केलं आणि या वेळी पाट्या एकेक वाचत गेली. गणपतरावांच्या बिऱ्हाडाच्या पाटीवर होतं, घेतो: डॉक्टर शामलांकडून 'ताप'.

"गणपतराव, तुम्हाले ताप कशाले लागते कापसात?"

गणपतराव लाजले. "वापरून कुठं राहिलो, ताई. पन पाटीवर 'घेतो'च्या पुढं काहीच नाही लिवलं तं कसं दिसन? म्हनलं, डॉक्टरीनबाई एवढ्या मोठ्या, त्यायचं काहीतरी घ्याव. मान म्हनून."

"डॉक्टर, तुमच्या पाटीवर गणपतरावांच्या कापसाच्या गाठी काय करून राहिल्या?"

"त्यांनी मागच्या वेळी लाडू पाठवले होते," डॉक्टर शामला म्हणाल्या. मग काय झालं ते त्यांच्या त्यांनाच उमगलं आणि त्या डोक्याला हात लावून बसल्या. "अगं, डबा रिकामा कसा परत करायचा?"

अमरावतीनं वर्ध्याकडून घेतलं होतं, कारण वर्धेकरांची बहीण अमरावतीला दिली होती. वर्ध्यानं अमरावतीकडून घेतलं होतं, कारण त्यांनी घेतलं तर आपणही घ्यायला नको का? नऊच्या नऊ पाट्यांवर प्रत्येकानं कोणाचं तरी काहीतरी घेतलं होतं. वापरायला नव्हे. रीत म्हणून.

यंत्र गणपतरावांचं दार उघडायला गेलं, तर तिथं लिहिलेलं, आधी डॉक्टरांचं आणा. डॉक्टरांच्या दारात, आधी गणपतरावांचं आणा. ते बिचारं दोन दारांमध्ये येरझाऱ्या घालत होतं.

"झालं तर मग," मनोहरराव हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता; तेच अधिक वाईट वाटलं.

"सोपं आहे की," मॅडम घाईनं म्हणाल्या. "जे लागत नाही ते सगळ्यांनी पाट्यांवरून खोडा. पाच मिनिटांचं काम."

कोणी जागचं हललं नाही. गणपतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी नीट करू लागले. घडी नीटच होती.

पंचफुलानं ते पाहिलं. खोडणं सोपं होतं हे तिला कळत होतं. आज खोडलं असतं आणि यंत्र चाललंही असतं. पण पुढच्या महिन्यात कोणीतरी नवा माणूस लाडू घेऊन आला असता.

"नका खोडू जी," ती म्हणाली. "चहा घ्या तोवर. आलूबोंडे बलवा कोणीतरी."

"काय करते आहेस?" मॅडमनी खाली वाकून विचारलं.

"आपण पंगतीत कसं करतो, मॅडम? एकाचं पान मांडलं, वाढलं, तो जेवला, मंग दुसऱ्याचं पान, असं करतो का? आधी साऱ्यांची पानं मांडतो. मंग वाढतो." बोटं तोवर चालू झाली होती. "हे यंत्र एकाच दारात शिरून बसून राहिलं. त्याले म्हणतो, आधी आत जाऊ नको. गल्लीतून एक चक्कर मार. साऱ्या पाट्या वाचून ठेव. कोण कोण आहे ते माहीत झालं, की मंग एकेक दार उघड. मंग कोणी कोणाचं नाव घेतलं तरी ते आधीच पंगतीत बसलेलं आहे."

मॅडमनी खुर्ची ओढली. त्या नुसत्या पाहत बसल्या.

अकरा ओळी लागल्या. तिसरी ओळ दोनदा चुकली. आलूबोंडे आले, संपले, आणखी मागवावे लागले. अमरावतीकर आणि वर्धेकर आता यंत्रामागे उभे राहून एकमेकांना समजावत होते की ती काय करते आहे, आणि दोघंही चुकीचं समजावत होते.

पंचफुलानं आज्ञा दिली. लाल दिवा पेटला. खरखर. विझला. पडद्यावर नऊ नावं आली, एकाखाली एक.

"वजन विचारा," डॉक्टर म्हणाल्या.

प्रिंटर सुरू झाला. एकाच कागदावर, वर: मुलगी, तीन किलो. खाली: कापूस, चव्वेचाळीस क्विंटल.

पहिली टाळी गणपतरावांची. ते इतक्या जोरात वाजवत होते की टोपी खाली पडली. अमरावतीच्या माणसानं खिशातून एक तारखेच्या वेगळ्या चौकाचा कच्चा कागद काढला, फाडला, आणि तुकडे टाकायला टोपली न सापडल्यानं परत खिशात घातले.

"हे दोन किलो नऊशे होतं," डॉक्टर शामला कागद पाहून म्हणाल्या. "तीन किलो कसं?"

"तुमचंच बिऱ्हाड आहे," पंचफुला म्हणाली. "घरातलं घरात पाहा."

मनोहररावांनी पडद्यावरची नऊ नावं बोटानं मोजली. मग त्यांनी हळूच विचारलं, "माझं एक लहानसं आहे. वेळापत्रकाचं. पाटी कशी लावायची?"

"'घेतो'च्या पुढं काय लिहू, सर?"

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "गणपतरावांकडून काहीतरी लिही," ते म्हणाले.

कुलूप त्यांनी स्कूटरच्या चाकाला लावलं. चांगलं निघालं.

*

घेते: पुढची काही वर्षं
देते: जे राहिलं ते

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चौकात एकसष्ट बिऱ्हाडं झाली. एक भंडाऱ्याच्या तलावातल्या माशांचं होतं. एक कोणा कीर्तनकाराचं होतं, ते कशासाठी हे शेवटपर्यंत कळलं नाही. कोणाचं वजन कोणाच्या घरात गेलं नाही.

कॉलेजनं चौकाची पुस्तिका छापली. बिऱ्हाडाच्या प्रत्येक पाटीवर घरमालकाचं नाव होतंच, ते जसंच्या तसं पुस्तिकेत आलं: गणपतराव, डॉक्टर, मनोहररावसुद्धा. मॅडम प्रुफं घेऊन पंचफुलाकडे आल्या.

"तुझं कुठं टाकू? पानं मांडायच्या भागाला पाटीच नाही."

"त्याले कशाले पाटी? तिथं कोणी राहते थोडंच."

"अगं, पण नाव नको का कुठं?"

"मॅडम, साऱ्यांच्या आधी ते चालते. त्याच्यावर पाटी लावली तर ती वाचायची कोणी?"

मॅडमनी विचार केला. त्या हुशार होत्या, आणि हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, म्हणून त्यांना राग आला. प्रुफं तशीच गेली.

एकोणनव्वद साली कॉलेजात नवी यंत्रं आली. त्यांच्यासोबत डबाबंद प्रोग्रॅम आले, आत काय आहे ते न दिसणारे. मनोहररावांनी जुनं यंत्र आणखी दीड वर्ष चालू ठेवलं. विचारलं की म्हणायचे, वेळापत्रक अजून त्यात आहे. पंचफुला तोवर कायम झाली होती, पंच ऑपरेटर म्हणूनच, कारण मंजूर यादीत तेवढंच पद होतं. पंच करायची यंत्रं राहिली नव्हती. नवीन मुलांना ती डबाबंद प्रोग्रॅम शिकवायची. त्यांच्यातलं कोणी विचारलं की हे आत कसं चालतं, तर ती कपाटातून ती एकशे चाळीस पानं काढून द्यायची आणि म्हणायची, "सत्तेचाळीस नंबरच्या पानावर एक चूक आहे. पाहा, सापडते का."

१९८३ च्या जूनमध्ये पहिल्या यंत्राची खोकी ट्रकनं आली, तेव्हा मनोहरराव जेवायला गेले होते. माल मिळाल्याच्या चलनावर सही आहे ती पंचफुलाची, पूर्ण नावानं.